कपाटातला वारसा: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

विद्यापीठातले जुने कागद, नोंदवह्या, फोटो, उपकरणं आणि तिथे आयुष्य घालवलेल्या माणसांच्या आठवणी कशा जपायच्या, याविषयी बरीच पत्रं आली. त्यांतले आठ प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न: आमचा विभाग दोन महिन्यांत नव्या इमारतीत जातोय. चार कपाटं भरून जुने कागद आहेत. सगळे बाहेर काढून विषयवार लावायचं ठरलंय. सुरुवात कुठून करावी?

विषयवार लावायचं तेवढं थांबवा. कागद ज्या क्रमाने ठेवलेले असतात, तो क्रमही काहीतरी सांगत असतो. यंत्रखरेदीच्या फायलीत मधेच एखाद्या संशोधकाचं पत्र सापडतं. ते उचलून 'पत्रव्यवहार' या गठ्ठ्यात टाकलं की ते यंत्र नेमकं कशासाठी घेतलं होतं, हे कळायचा मार्ग बंद होतो. एकदा मोडलेला क्रम पुन्हा लावता येत नाही. विषयवार यादी मात्र पुढे केव्हाही करता येते आणि त्यासाठी एकही कागद हलवावा लागत नाही.

आधी प्रत्येक कप्प्याचा दार उघडून, काहीही न हलवता फोटो घ्या. कपाटाला अक्षर द्या, कप्प्याला आकडा: अ-१, अ-२, ब-१. एका कप्प्यातले कागद त्याच क्रमाने खोक्यात भरा. खोक्यात एक चिठ्ठी टाका: कपाट, कप्पा, भरल्याची तारीख, भरणाऱ्याचं नाव. तीच माहिती वहीत आणि खोक्याच्या अरुंद बाजूवर लिहा. झाकणावर कधीच लिहू नका, कारण झाकणं हमखास बदलली जातात. खोकं ठासून भरू नका. कागदांच्या मधे हाताचा पंजा सहज शिरला पाहिजे. अर्धवट रिकामं राहिलं तर कागद वाकतात, म्हणून उरलेल्या जागेत साध्या कागदाचे बोळे घाला.

गंजलेल्या टाचण्या आणि स्टेपल ओढून काढू नका, कागद फाटतो. स्टेपलखाली प्लॅस्टिकचा पातळ तुकडा सरकवा, कागद उलटा करून स्टेपलचे दोन्ही पाय बोथट पातीने उभे करा आणि मग पुढून उचला. रबरबँड वितळून चिकटला असेल तर सुटे तुकडे तेवढे काढा. चिकटलेला भाग खरवडायला जाऊ नका. फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावू नका. तिचा डिंक कागदात उतरतो, पिवळा पडतो, आणि त्याखालची शाई पसरते. लॅमिनेशन तर कुठल्याच जुन्या कागदाचं नको.

काय ठेवायचं? सभांची इतिवृत्तं, अभ्यासक्रम, प्रश्नपत्रिका, उपकरणांच्या खरेदीचे कागद हे सगळेच ठेवतात. आम्ही आग्रहाने सांगू ते नाकारल्या गेलेल्या संशोधन प्रस्तावांबद्दल. विभागाला काय करायचं होतं, हे त्यांतूनच दिसतं, आणि नेमके तेच कागद सगळ्यांत आधी रद्दीत जातात. कोरे फॉर्म आणि जास्तीच्या प्रती काढायला हरकत नाही. गुणपत्रकं, वैद्यकीय दाखले, सेवापुस्तकं यांचं खोकं वेगळं करून बंद ठेवा. ती कुणी पाहायची आणि किती वर्षं ठेवायची, हे विद्यापीठाच्या नियमानेच ठरवायचं.

नव्या जागी खोकी जमिनीपासून वीतभर उंच ठेवा. वरून पाण्याचा पाइप जात नाही ना, ते बघा. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशी धरते, म्हणून खोलीत एक साधा आर्द्रतामापक टांगा आणि आठवड्यातून एकदा आकडा लिहून ठेवा.

प्रश्न: निवृत्त प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेतल्या तीसेक नोंदवह्या त्यांच्या घरच्यांनी विभागाला दिल्या आहेत. शोधनिबंध तर छापले गेले आहेत. मग वह्या ठेवून उपयोग काय?

शोधनिबंधात शेवटचा, जमलेला प्रयोग असतो. न जमलेले वीस प्रयोग वहीत असतात. पुढच्या माणसाचं वर्ष वाचवतात ते हे वीस.

प्राध्यापक भेटण्याजोगे असतील तर वह्यांच्या आधी त्यांच्याकडे जा आणि तीन गोष्टी लिहून घ्या: संक्षेपांचे अर्थ, वहीत दिसणारी वेगवेगळी हस्ताक्षरं कुणाची आहेत, आणि कोणती वही कोणत्या प्रबंधासाठी होती. 'नमुना ७ब, जुन्या पद्धतीने' असं लिहिलेलं असतं. ती जुनी पद्धत कोणती, हे फक्त त्यांनाच ठाऊक असतं.

मग प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने पृष्ठांक टाका. पानांमधल्या सुट्या चिठ्ठ्या होत्या तिथेच राहू द्या आणि त्यांना ४३-क असा अंक द्या. स्कॅन रंगीतच करा, ४०० डीपीआयला (म्हणजे दर इंचाला ४०० ठिपके). कृष्णधवल स्कॅनमध्ये लाल शाईची दुरुस्ती आणि निळी मूळ नोंद एकसारखी दिसते आणि आकडा नंतर बदलला होता, हे कळायची सोय उरत नाही. कव्हर आणि कोरी पानंसुद्धा स्कॅन करा.

वहीत चिकटवलेले गुळगुळीत, किंचित चकाकणारे आलेख दिसले तर ते आधी हाती घ्या. हा उष्णतेने छापणारा कागद असतो. उजेड, उष्णता, पीव्हीसीची पाकिटं आणि चिकटपट्टीचा डिंक या सगळ्यांनी त्यावरची अक्षरं उडतात. लॅमिनेशनच्या यंत्रात घातला तर हाच कागद पूर्ण काळा होतो. आजच स्कॅन करा आणि साध्या कागदावर त्याची छापील प्रत काढून शेजारी ठेवा.

किरणोत्सारी द्रव्यं किंवा पारा हाताळणाऱ्या प्रयोगशाळेतल्या वह्या असतील तर उघडण्याआधी सुरक्षा अधिकाऱ्याकडून तपासून घ्या. मेरी क्यूरी यांच्या नोंदवह्या पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आजही शिशाचं अस्तर असलेल्या पेट्यांत ठेवतात, कारण त्यांवर बसलेल्या रेडियम-२२६चा अर्धायुकाल, म्हणजे ते निम्मं उरायला लागणारा काळ, सुमारे १६०० वर्षं आहे.

प्रश्न: विभागात दरवर्षीचे गटफोटो आहेत, पण नावं कुणाचीच लिहिलेली नाहीत.

मूळ फोटो कुणाच्या हातात देऊ नका. मोठी छापील प्रत काढा आणि तिच्यावर प्रत्येक डोक्याला आकडा द्या: मागची रांग डावीकडून, मग मधली, मग बसलेले. ही प्रत किमान दोन जुन्या माणसांना वेगवेगळी दाखवा. एकत्र बसवलं की एकाने ठामपणे सांगितलेलं नाव दुसराही मान्य करून टाकतो. दोघांची उत्तरं जुळली नाहीत तर दोन्ही लिहा, पुढे प्रश्नचिन्ह द्या, आणि कुणी, कधी सांगितलं तेही नोंदवा. फोटोच्या कडेला उभे असलेले शिपाई, प्रयोगशाळा परिचर, स्वयंपाकी यांनाही आकडा द्या. प्राध्यापकांची नावं इतर कागदांत सापडतील, यांची बहुतेक वेळा सापडणार नाहीत.

फोटोच्या पाठीवर बॉलपेनने लिहिलं तर दाब पुढच्या बाजूला उमटतो. कागदी प्रिंट असेल तर सपाट, कडक पृष्ठभागावर ठेवून मऊ पेन्सिलीने कडेला फक्त क्रमांक लिहा. प्लॅस्टिकचा थर असलेल्या प्रिंटवर पेन्सिल उमटत नाही, तिथे पाकिटावर लिहा. मात्र फोटो आत घालायच्या आधी. चिकट पानांच्या अल्बममध्ये अडकलेला फोटो वाकवून ओढू नका. दात साफ करायचा मेण नसलेला दोरा त्याच्या मागून करवतीसारखा हळूहळू सरकवा.

निगेटिव्हच्या डब्याला व्हिनेगरसारखा वास आला तर फिल्मचा ॲसिटेट पाया विघटित होतोय. त्यातून निघणारं ॲसिटिक ॲसिड पुढचं विघटन आणखी वेगाने घडवतं आणि त्याच डब्यातल्या चांगल्या फिल्मलाही लागतं. वासाच्या निगेटिव्ह लगेच वेगळ्या करा, प्लॅस्टिकऐवजी कागदी पाकिटात घाला, थंड जागी ठेवा आणि स्कॅनिंगच्या यादीत त्यांना सगळ्यांत वर घ्या.

प्रश्न: निवृत्त प्राध्यापकांच्या मुलाखती झाल्या. आता माळी, प्रयोगशाळा परिचर, ग्रंथालयातले कर्मचारी, वसतिगृहातल्या मावशी यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायच्या आहेत. ते म्हणतात, "आमच्याकडे सांगण्यासारखं काय आहे?"

हे काम हाती घेतलंत, ही फार चांगली गोष्ट आहे. विद्यापीठाच्या लिखित इतिहासात ही माणसं बहुधा फक्त पगारपत्रकावर सापडतात.

"काय आहे सांगण्यासारखं?" हे उत्तर येतं, कारण प्रश्न मोठा असतो. "तेव्हाचं विद्यापीठ कसं होतं?" असं विचारलं की माणूस "चांगलं होतं" म्हणतो आणि गप्प बसतो. त्याऐवजी हातांबद्दल विचारा. सकाळी आल्यावर पहिलं कुलूप कोणतं उघडायचात? किल्ल्या कुठे असायच्या? पन्नास जणांच्या प्रात्यक्षिकासाठी द्रावण तयार करताना काय आधी, काय नंतर? ग्रंथालयात पुस्तक चुकीच्या जागी गेलं तर कसं शोधायचात? पहिला पगार कुणाच्या हातात दिलात? अशा प्रश्नांना नेमकी उत्तरं येतात आणि त्यांच्या मागोमाग न विचारलेलंही येतं. जुना फोटो, जुनी ब्युरेट, किल्ल्यांचा जुडगा असं काही समोर ठेवलंत तर बोलणं आपोआप सुरू होतं. उत्तर संपलंय असं वाटलं तरी मनात पाचपर्यंत मोजा, मगच पुढचा प्रश्न विचारा. मोलाचं वाक्य पुष्कळदा त्या शांततेनंतर येतं.

जागा लहान, पडदे-गाद्या असलेली निवडा. मोकळ्या वर्गात आवाज घुमतो. पंखा आणि फ्रीज बंद करा. कॉलरचा माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा. साडी किंवा शर्ट त्यावर घासत नाही ना, हे हेडफोन लावून ऐका. ध्वनिमुद्रण वेव्ह फाइलमध्ये करा, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटला. एका माइकला तासाला साधारण अर्धा जीबी लागतो. आवाजाचा काटा सर्वांत मोठ्या बोलण्यालाही उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. एकदा फाटलेला आवाज दुरुस्त होत नाही, बारीक आलेला मात्र नंतर वाढवता येतो. सुरुवातीला तारीख, ठिकाण आणि बोलणाऱ्यांची नावं म्हणा. शेवटी सगळ्यांनी गप्प बसून अर्धा मिनिट नुसत्या खोलीचा आवाज घ्या. खरखर काढताना तो लागतो. एका बैठकीत दीड तासाच्या पुढे जाऊ नका.

संमतिपत्रात एकच सही घेऊन मोकळं होऊ नका. जपून ठेवणं, संशोधकांना ऐकू देणं आणि इंटरनेटवर टाकणं या तीन वेगळ्या परवानग्या आहेत. काही भाग ठरावीक वर्षं बंद ठेवायचा पर्यायही द्या. वाचता न येणाऱ्याला मजकूर त्याच्या बोलीत वाचून दाखवा आणि ते वाचन, त्याचा होकार, दोन्ही ध्वनिमुद्रित करा. तिऱ्हाइताची बदनामी होईल असा भाग आला तर मूळ फाइल कापू नका, तेवढ्या वेळेची नोंद करून तो भाग बंद ठेवा.

एक तासाचं बोलणं लिहून काढायला सरावलेल्या माणसालाही पाच-सहा तास लागतात. दर दोन मिनिटांनी समासात वेळ टाका. बोली सुधारू नका. 'आमी', 'व्हतं' असं म्हटलं असेल तर तसंच लिहा. शेवटी ध्वनिमुद्रणाची एक प्रत बोलणाऱ्याच्या घरी स्वतः नेऊन द्या.

प्रश्न: भौतिकशास्त्राच्या विभागात पितळी दुर्बिणी, गॅल्व्हानोमीटर आणि लाकडी पेटीतली यंत्रं आहेत. वर्धापनदिनाच्या प्रदर्शनासाठी चकाचक करायची आहेत. कोणतं पॉलिश वापरावं?

कोणतंच नाही. जुन्या पितळेवर बहुधा निर्मात्याने दिलेला लॅकरचा पारदर्शक थर असतो. पॉलिशने तो जातो, कोरलेली अक्षरं आणि मापनाच्या खुणा झिजतात, फटीत पांढरा साका बसतो. अमोनिया असलेल्या पॉलिशने ताण असलेल्या पितळी भागांना तडे जाऊ शकतात. मऊ, कोरड्या कुंचल्याने धूळ झाडा, तेवढं पुरे. पेटी, जादा भिंगं, पुस्तिका, अंशांकनाचा दाखला हे सगळं यंत्रासोबत ठेवा. नोंदणी क्रमांकाचं लेबल सुती नाडीने बांधा, चिकटवू नका.

जुनं विद्युत उपकरण "चालतंय का बघू" म्हणून प्लगमध्ये घालू नका. आतलं रबरी आवरण ठिसूळ झालेलं असतं आणि जुने कपॅसिटर फुटतात. अंधारात चमकणारे किंवा पूर्वी चमकणारे आकडे असलेल्या तबकड्यांवर रेडियम असू शकतं, त्यांची काच उघडू नका. पाऱ्याचे दाबमापक आडवे करू नका.

आणि त्याच कपाटात जुन्या रसायनांच्या बाटल्या असतील तर नीट लक्ष द्या. पिक्रिक ॲसिड सुकलं की घर्षणाने स्फोट होऊ शकतो. झाकणाच्या आट्यांत पिवळे स्फटिक दिसले तर बाटली उघडायची नाही, हलवायचीही नाही. जुन्या ईथरच्या बाटल्यांतही पेरॉक्साइड साचून तसाच धोका असतो. खोली बंद करा आणि रसायन सुरक्षा पाहणाऱ्यांना बोलवा.

प्रश्न: वनस्पतिशास्त्राच्या हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, कीड लागली आहे. डांबरगोळ्या ठेवल्या, फरक नाही.

डांबरगोळ्यांनी कीड खात्रीने मरत नाही आणि त्यांची वाफ तिथे रोज बसणाऱ्या माणसाला बाधते. त्या काढून टाका. बारीक भोकं आणि पिठासारखा भुगा असलेले गठ्ठे पॉलिथिनच्या पिशवीत हवाबंद करा आणि उणे २० अंश सेल्सिअसला दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडू नका. दव पिशवीच्या बाहेरून धरू दे. घाईने उघडली तर ते नमुन्यावर धरतं आणि किडीच्या जागी बुरशी येते. कपाट रिकामं करून फटी व्हॅक्यूमने साफ करा, मगच गठ्ठे परत लावा.

हातमोजे घालाच. पूर्वी अनेक ठिकाणी कीड लागू नये म्हणून नमुने मर्क्युरिक क्लोराइडमध्ये बुडवत असत. कागदावर काळपट, राखाडी डाग हे त्याचं एक लक्षण, पण डाग नसले म्हणजे विष नाही असं समजू नका.

गळून पडलेली पानं, बिया कागदाच्या छोट्या पाकिटात घालून त्याच कागदावर चिकटवा. वनस्पतीचं नाव बदललं असेल तर जुनं लेबल काढू नका. नव्या नावाची चिठ्ठी शेजारी लावा आणि तिच्यावर ठरवणाऱ्याचं नाव आणि वर्ष लिहा. जागा, तारीख, 'फुलावर आहे' ही टीप जुन्याच लेबलावर असते. कोणतं झाड कोणत्या काळात केव्हा फुलत होतं, हे हवामानाचे अभ्यासक आज त्याच टिपेवरून शोधतात.

प्रश्न: आमच्याकडे एक प्रयोग तीस वर्षं चालू आहे. तो सांभाळणारे सर पुढच्या वर्षी निवृत्त होतील. पुढच्या माणसाकडे नक्की काय सोपवायचं?

दोन जगप्रसिद्ध प्रयोगांकडून शिकण्यासारखं आहे.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात थॉमस पार्नेल यांनी १९२७ साली डांबरासारखा 'पिच' नावाचा पदार्थ तापवून बंद नरसाळ्यात ओतला. तीन वर्षं तो बसू दिला आणि १९३० साली खालचं टोक कापलं. पहिला थेंब पडला १९३८ साली. सातवा थेंब १९८८ साली पडला, त्यानंतर इमारतीत वातानुकूलन आलं आणि थेंब पडायचा वेग मंदावला. म्हणजे प्रयोगाला कुणी हात न लावताही प्रयोगाची परिस्थिती बदलली. २००० साली आठवा थेंब पडताना कॅमेरा बिघडला. १९६१पासून हा प्रयोग सांभाळणाऱ्या जॉन मेनस्टोन यांना एकही थेंब पडताना पाहता आला नाही. २०१३ साली ते वारले आणि नववा थेंब २०१४ साली पडला.

दुसरा प्रयोग अमेरिकेतला, आजच्या मिशिगन राज्य विद्यापीठातला. विल्यम बील यांनी १८७९ साली वीस बाटल्यांत ओलसर वाळूत बिया मिसळून त्या पुरल्या. बाटल्यांना बूच नव्हतं, म्हणून पाणी साचू नये यासाठी तोंडं खाली तिरकी ठेवली. सुरुवातीला दर पाच वर्षांनी एक बाटली काढत, पुढे दहा आणि नंतर वीस वर्षांनी. २०२१ साली सोळावी काढली, तीही अंधारात, कारण उजेड लागला तर बियांना रुजण्याचा इशारा मिळतो. व्हर्बॅस्कम या रानरोपाच्या बिया तेव्हाही रुजल्या. बाटल्या नेमक्या कुठे आहेत, हे पिढ्यान्‌पिढ्या हाती दिलेल्या नकाशामुळेच कळतं.

तेव्हा तुम्ही सोपवायचं ते असं. प्रयोग का सुरू केला, हे सरांच्या शब्दांत एक पान. जागेचा नकाशा, दोन पक्क्या खुणांपासूनच्या अंतरांसह; 'आंब्याच्या झाडाजवळ' चालणार नाही, झाड पडतं. काय कधीच करायचं नाही याची यादी, प्रत्येक नकाराच्या कारणासकट, कारण कारण माहीत नसलेला नियम पहिल्याच अडचणीत मोडला जातो. तापमान, वीज गेल्याच्या वेळा, खोलीतले बदल यांची तारीखवार वही. राखीव साहित्य कुठे आहे ते. सांभाळणारी माणसं नेहमी दोन, आणि त्यांतली एक वयाने बरीच लहान. आणि निवृत्तीच्या आधी एक पूर्ण आवर्तन नव्या माणसाने स्वतःच्या हातांनी करायचं, सरांनी शेजारी उभं राहून फक्त पाहायचं. लिहायचं राहून गेलेलं असतं ते नेमकं तेव्हा बाहेर येतं.

प्रश्न: जुन्या फ्लॉपी, सीडी आणि टेप सापडल्या आहेत. घरीच कॉपी करू का?

साडेतीन इंची फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालण्याआधी कोपऱ्यातली खिडकी सरकवून आरपार भोक दिसेल अशी करा, म्हणजे संगणक तिच्यावर काही लिहू शकणार नाही. आधी लेबलचा फोटो घ्या, मग संपूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रतिमा (डिस्क इमेज, म्हणजे सगळ्या डिस्कची एकाच फाइलमधली नक्कल) काढा. फाइली उघडून 'सेव्ह' करत बसू नका, तारखा बदलतात. टेप मात्र घरी वाजवू नका. चिकट झालेली टेप किंचाळत फिरते आणि तिच्यावरचा ध्वनीचा थरच वाजवताना निघून येतो. ती ध्वनिसंग्रहाचं काम करणाऱ्यांकडे द्या.

फाइलचं नाव तारखेने सुरू करा, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, म्हणजे यादी आपोआप काळानुसार लागते. मूळ स्कॅन टिफमध्ये ठेवा, वापरायला जेपेग काढा. प्रती तीन: दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतली एक दुसऱ्या इमारतीत. प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइलमधल्या मजकुरावरून संगणकाने काढलेला पडताळणीचा आकडा) काढून यादीत लिहा आणि वर्षातून एकदा तो पुन्हा काढून ताडून बघा. आकडा जुळला नाही तर ती प्रत बिघडली आहे. दुसरी चांगली असेपर्यंतच ती बदलता येते.